रुमाल खांद्यावर होता

इंदोरा, नागपूर
३ ऑगस्ट १९८६

शालिक,

जय भीम. अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील तर आधी पहिलं पान वाच, मग खुशाल फाड. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस, म्हणजे तिथे आपली फिट्टंफाट झाली. इंदोऱ्यातून कोराडीची बस काही दुर्मिळ नाही. पण धाकट्याने यायचं की थोरल्याने जायचं, हे ठरत नाही, आणि आपण दोघं एकाच बापाचे, त्यामुळे ते ठरायचंही नाही. म्हणून पोस्टाला मधे घातलं.

चौदा ऑक्टोबरला दीक्षेला तीस वर्षं होतात. आपल्या विहाराच्या अंगणात संध्याकाळी कार्यक्रम आहे, हे तुला माहीत असेलच, कारण महिला मंडळाच्या सिंधूताई दोन वेळा तुमच्या क्वार्टरवर येऊन गेल्या. पहिल्या वेळी प्रेमिला नाही म्हणाली, दुसऱ्या वेळी हो म्हणाली. कुहीनंतर ती पहिल्यांदा गाणार. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही, तुझा विश्वास बसायचा नाही.

तुला कदाचित माहीत नसेल ते सांगतो. लाउडस्पीकर माझा आहे. मीच मंडळाच्या मागे लागून घेतला. सिंधूताई शेवटी म्हणाल्या, "घरचा माणूस असताना बाहेरचा कायले आणावं म्हणा! पण आनंदराव, पाहा बावा, या खेपेले शिट्टी नको." त्या सहज बोलल्या आणि चहा पिऊन गेल्या. मी मात्र त्या दिवसापासून मशीन उघडून बसलो आहे.

कुहीला जे झालं ते पुन्हा होणार नाही, हे सांगायला पत्र लिहितो आहे. तिचं माहेर, समोर तिचे वडील नत्थूजी, बुद्धपौर्णिमेची गर्दी, आणि तिसऱ्याच ओळीला आपल्या भोंग्यांनी अशी शिट्टी मारली की लोक हसले. पोरांनी उलट शिट्ट्या मारल्या. तिने माईक खाली ठेवला आणि उतरून गेली. मी माईकवरून सांगितलं की माफ करा मंडळी, आमच्या भावाचा इशारा चुकला. तू दुसऱ्या दिवशी घर सोडलंस. ते आता उकरून काढायचं नाही. इशारे चुकतात, माणूस आहे.

आता इशाऱ्याची भानगडच नको, असं मी ठरवलं आहे. अडचण तुला माहीत आहे. मशीन मंचाजवळ ठेवावं लागतं, माईकच्या तारा लांबवल्या की घुर्र आवाज येतो. आणि मशीनपाशी बसणाऱ्याला भोंग्याची पाठच ऐकू येते, लोकांना काय ऐकू येतं ते कळत नाही. म्हणून एक जण मशीनपाशी, एक जण लोकांत. तुझा पांढरा रुमाल डोक्यावर गेला की आवाज वाढव, खांद्यावर आला की उतरव, खिशात असला की सारं ठीक. अजून लोक विचारतात, रुमालवाला भाऊ कुठे गेला. मी सांगतो, कोराडीच्या वीजघरातून देशाला वीज देऊन राहिला.

तू गेल्यावर मी दोन माणसं ठेवून पाहिली. एक जण बायकांच्या बाजूला तोंड करून उभा राहायचा. दुसऱ्याला बारमाही सर्दी. त्याने नाक पुसायला रुमाल काढला की मी दचकून कुठलंतरी बटण फिरवायचो. शेवटी म्हटलं, माणूसच नको. मी स्वतः लोकांत उभा राहणार, आणि तिथून मशीनचा आवाज कमी-जास्त करणार. तार नाही, काही नाही. वायरलेस. हातात एक डबा, बस्स.

हसू नकोस. अर्धं काम झालं आहे.

प्रेमिलाला सांग, निर्धास्त गा म्हणावं. किंवा सांगू नकोस. तुला वाटेल तसं कर.

तुझा भाऊ,
आनंद

•

इंदोरा
२४ ऑगस्ट १९८६

शालिक,

जय भीम. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवत होतो. पत्र परतही आलं नाही, म्हणजे फाडलं असशील तरी वाचून फाडलंस.

डबा चालतो! सदर बाजारातल्या एकाने परदेशी खेळण्यातली मोटार दिली, चाकं मोडलेली, पण आतलं यंत्र शाबूत. हातातल्या डब्याचं एक बटण दाबलं की मोटार पुढे, दुसरं दाबलं की मागे. मी मोटारीचं पोट फाडून ते यंत्र आपल्या सहा माईकच्या मशीनला बसवलं. आवाजाच्या बटणाच्या दांड्यावर शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ, त्यावर रेडिओच्या काट्याचा दोरा, आणि दोरा ओढायला ती चिमुकली मोटर. पुढे म्हणजे वाढव, मागे म्हणजे उतरव. पहिल्यांदा दाबलं तर बटण गर्रकन शेवटाला गेलं आणि दोरा तुटून कांताच्या कपाळाला लागला. तुझ्या वहिनीने तेव्हा जे शब्द वापरले ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. मग मधे जुन्या टेपरेकॉर्डरच्या दोन चकत्या घातल्या. आता एकदा दाबलं की बटण घड्याळातल्या पाच मिनिटांएवढं सरकतं, जास्त नाही. बेचाळीस पावलांपर्यंत काम करतो. विहाराचं अंगण छत्तीस पावलांचं आहे, मी मोजून आलो.

एक घोटाळा झाला होता, तोही निस्तरला. परवा दुपारी मी डब्याला हातही लावला नव्हता आणि बटण आपोआप फिरायला लागलं. कांता दारातूनच ओरडली, "काहो, हे तं आपल्या मनानंच फिरून राहिलं! कोणाचं काय बसलं याच्यात?" मी बाहेर येऊन पाहिलं तर समोर गिरिधर एका फाटकाला वेल्डिंग करत होता. त्याची ठिणगी उडाली की माझं बटण सरकत होतं. ठिणगीच्या किरकिरीला यंत्र माझाच हुकूम समजतं, दुसरं काही नाही. गिरिधरला म्हटलं, चौदा तारखेला दुकान बंद ठेव. तो म्हणाला, "त्या दिवशी कोण चालू ठेवते गा? मी बी गाणं ऐकाले येणार हाव." झालं. मिटलं.

तरी नाना शंका येतात. आपला डबा पोलिसांच्या वायरलेसमधे घुसला आणि चौकीतून कुणी विचारायला आलं तर? ऐन गाण्यात सेल उतरले तर? दोन दोन जोड्या सेल खिशात ठेवणार आहे. दोरा पुन्हा तुटला तर? दुसरा तयार ठेवला आहे. रोज पहाटे जाग येते आणि मी मनातल्या मनात दोरा तपासतो. कांता म्हणते, "मशीन दुरुस्त करता करता तुम्हीच बिघडून राहिले."

तिला माझ्या कुठल्याच मशीनचं कौतुक नाही. काल घरात भोंगा लावून डब्याने आवाज वाढवून दाखवला, तर कानात बोटं घालून मोरीत जाऊन बसली. मला तर आवाज चांगला स्वच्छ वाटला.

भाऊ

•

इंदोरा
१५ सप्टेंबर १९८६

शालिक,

जय भीम. काल रविवारी विहाराच्या अंगणात तालीम घेतली. तुझ्या कानावर उलटसुलट येण्याआधी मीच सांगतो.

प्रेमिला आली नव्हती. तिने सिंधूताईंकडे फक्त निरोप पाठवला होता. सिंधूताईंनी तो सगळ्यांदेखत सांगितला: "ती म्हणते, गाईन. पण भाऊजीले विचारा, लोकायत कोण उभं राहीन?" मी म्हटलं, मीच राहीन, आणि डबा वर करून दाखवला. सिंधूताईंनी कांताकडे पाहिलं आणि कांताने जमिनीकडे.

मग प्रेमिलाच्या जागी सिंधूताई माईकवर उभ्या राहिल्या. मी छत्तीस पावलं मागे, कुंपणाला टेकून. त्या वंदना म्हणत होत्या. मला आवाज जरा दबलेला वाटला म्हणून मी एकदा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. समोरच्या बायांनी एकामागून एक हात कानाशी नेले. मी समजलो, ऐकू येत नाही असं म्हणताहेत. लोक हात कानाशी नेतात तेव्हा तसंच म्हणायचं असतं ना? म्हणून मी आणखी वाढवलं. मग त्या उठून पळायलाच लागल्या. लहान लेकरं रडायला लागली. मी तसाच उभा, हातात डबा, आणि कांता धावत मशीनकडे जाऊन तिने वायरच उपटली.

शिट्टी वाजत होती म्हणतात. चांगली मिनिटभर.

सेल उतरले होते, दुसरं काही कारण नाही. सेल उतरले की डबा नीट ऐकत नाही. मी तसं सर्वांना सांगितलं. सिंधूताईंनी फक्त पाणी मागितलं. गिरिधर म्हणाला, "सेल तं तुम्ही आताच टाकले होते ना गा, माह्यासमोर?" नको तिथे याची नजर बरोबर असते.

कार्यक्रमाला एकोणतीस दिवस आहेत. रात्री जेवण गेलं नाही. प्रेमिला पुन्हा एकदा, माझ्यामुळे, सगळ्यांसमोर, एवढंच डोक्यात फिरतं. तू असतास तर काय केलं असतंस, हे विचारत नाही. नुसतं लिहिलं.

भाऊ

•

इंदोरा
२८ सप्टेंबर १९८६

शालिक,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो आणि न वाचता पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे, नाहीतर हेही फाडेन.

तालमीच्या रात्री कांता माझ्यासमोर बसली. तिने तोंडावर पदर धरला आणि काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? ती पुन्हा बोलली. मला तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. तिने पदर काढला आणि म्हणाली, "तुम्ही तोंड पाहून ऐकता जी. मले दोन वर्षांपासून माहीत आहे. कुकरची शिट्टी होते तं तुम्ही उठता का? तरी बोलत नव्हते, म्हटलं मरदमाणूस, त्याचं कामच कानाचं."

दुसऱ्या दिवशी ती मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी डोक्याला हेडफोन लावला आणि म्हणाले, आवाज आला की बोट वर करा. शालिक, मी काय केलं असेल? मी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. डॉक्टरचा हात बटण दाबायला हलला की मी बोट वर करत होतो. पन्नास वर्षांचा घोडा, शाळेत नक्कल करणाऱ्या पोरासारखा. डॉक्टर हुशार, त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग बराच वेळ मी बोट वर केलं नाही. मला वाटलं त्यांनी अजून सुरूच केलं नाही. वळून पाहिलं तर कांता तोंडाला पदर लावून रडत होती. ती भोंग्यांच्या पुढ्यात आयुष्य काढलेल्या माणसाची बायको, हेडफोनमधली टीं टीं तिला बाहेर बसून ऐकू येत होती.

खालचे आवाज मला येतात. ढोलकी येते, बस येते, तुझा आवाज आला असता. वरचे गेले. शिट्टी तर पार गेली. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, पाच-सहा वर्षांचं असावं.

पाच-सहा वर्षं. तू हिशेब करायला घेतला असशीलच.

कुहीचं सांगतो. मशीनपाशी बसून मी तुला स्पष्ट पाहिलं होतं. तू त्या पाण्याच्या टाकीजवळ उभा होतास, पेट्रोमॅक्सचा उजेड तुझ्यावर होता. रुमाल खांद्यावर होता. डोक्यावर नव्हता, खांद्यावरच होता, आणि तू तो दोनदा झटकलास, म्हणजे लवकर उतरव. मला काहीच वावगं ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, बायको गाते म्हणून हा उगाच घाबरतो. वीस वर्षं भोंगे लावून राहिलो, मला हा शिकवतो काय? आणि तू उतरव म्हणत असताना मी बटण वर नेलं. मुद्दाम नेलं. तिचा आवाज नत्थूजींपर्यंत चांगला जावा असंही मनात होतं, पण ते नंतर. आधी माझा ताठा.

लोक हसायला लागले तेव्हा मला कळलं की काहीतरी झालं. काय झालं ते तेव्हाही ऐकू आलं नाही. माईक हातात होता आणि तोंडातून तुझं नाव निघालं. तिच्या बापासमोर, सगळ्या गावासमोर. तू टाकीजवळून माझ्याकडे पाहत होतास. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू रुमालाची घडी केलीस आणि खिशात ठेवलास.

मी चार वर्षं स्वतःला सांगत आलो की अंधार होता, मला डोक्यावर दिसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. तुझं नाव कुणी काढलं की मी आधीच भांडायला उठायचो. आणि हा वायरलेसचा सगळा खटाटोप कशासाठी, हेही आता कबूल करतो. तुझ्याशिवाय माझं अडत नाही, हे मला दाखवायचं होतं. दोरा बसवला, चकत्या बसवल्या, बेचाळीस पावलं मोजली. लोकांत जाऊन उभं राहायची सोय केली. उभा राहणारा बहिरा आहे, तेवढं सोडून सगळं तपासलं.

प्रेमिलाला हे वाचून दाखव. तिने विचारलं होतं, लोकांत कोण. मी तिला खोटं उत्तर दिलं.

आनंद

•

इंदोरा
६ ऑक्टोबर १९८६

शालिक,

गिरिधर कोराडीला कामाला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि डबा पाठवतो. डबा तुझा.

वरचं बटण वाढव, खालचं उतरव. मी त्यांना लाल आणि पांढरा रंग दिला आहे, पांढरं म्हणजे उतरव. डब्याच्या एरियलची तार पूर्ण बाहेर ओढायची. एकदा दाबून मनात एक आकडा मोजायचा, मग पुन्हा. सेल नवे आहेत, आणखी दोन जोड्या कागदात गुंडाळल्या आहेत. मी मशीनपाशी बसेन, पण बटणाला हात लावणार नाही. दोरा-बिरा तुटला तरच.

हे मी तुला बोलावण्यासाठी केलेलं नाही. केलं असेल तर केलं असेल. तुला यायचं नसेल तर गिरिधरच्या हाती डबा परत दे, मी समजेन. मग मी सिंधूताईंना सांगेन की दुसरा लाउडस्पीकर आणा, आणि मी शेवटच्या ओळीत बसेन. तिला गाऊ दे. ते माझ्या मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे.

सिंधूताईंना कानाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आधी सांगाले काय झालं होतं? कान गेले तं गेले, जीभ तं होती ना!" बरोबरच आहे. आणखी एक त्यांना विचारलं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मला दोन मिनिटं माईक हवा आहे. नत्थूजींना कुहीहून आणायला माणूस पाठवला आहे. जे माईकवर बोललो होतो ते माईकवरच परत घ्यायला हवं, घरात बसून माफी मागितली तर ती अर्धीच होते. बोलताना माझी वाचा बसेल की काय, ही आता नवी काळजी. जुन्या काळज्या आहेतच.

भाऊ

(मागून, वेगळ्या कार्डावर: गिरिधर रिकाम्या हाताने परत आला. मी तीनदा विचारलं, शालिक काय म्हणाला? तो म्हणाला, "काहीच नाही म्हणला गा. डबा उलटा करून पाहिला अन् सेल काढून पुन्हा टाकले." यातून मी काय समजायचं? तरी एवढी ओळ या कार्डावर लिहून पोस्टाने पाठवतो. आठ दिवस आहेत.)

•

इंदोरा
१५ ऑक्टोबर १९८६

शालिक,

जय भीम. काल तू आलास, पूर्ण वेळ उभा राहिलास, आणि एक शब्द न बोलता शेवटच्या बसने गेलास. जे झालं ते तू पाहिलंच आहेस. पण तू लोकांतून पाहिलंस. मशीनपाशी बसलेल्याला काय दिसलं, ते मला सांगायचं आहे.

मी सकाळपासून अंगणातच होतो. दोरा चार वेळा तपासला. पाच वाजेपर्यंत तू दिसला नाहीस. प्रेमिला आली, तिने दुरून जय भीम केला, मी केला. तू कुठे, हे विचारायची हिंमत झाली नाही. प्लग भोकात जाईना. मग मान वर केली तर तू कुंपणाजवळ, छत्तिसाव्या पावलावर, हातात डबा, तार पूर्ण ओढलेली. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मशीनवरचं बटण मात्र हळूच एकदा वर आणि एकदा खाली सरकलं. तू तपासून पाहत होतास. शालिक, त्या बटणाला कुणाचा हात नव्हता आणि तरी मला ते तू बोलल्यासारखं वाटलं.

माईकवर मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. कांता सांगते की मी म्हटलं, "कुहीले रुमाल खांद्यावर होता. माह्या भावाचा इशारा बरोबर होता, माहे कान खराब होते अन् नियत बी." मी लिहून नेलेलं भाषण शुद्ध होतं, ते खिशातच राहिलं. नत्थूजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तुझ्याकडे पाहायचा धीर झाला नाही.

मग ती उठली. पहिलं गाणं होईपर्यंत बटण दोनदा सरकलं, एकदा वर, एकदा खाली, अगदी घड्याळातली पाच मिनिटं. मी मांडीखाली हात दाबून बसलो होतो. एवढं नीट चाललं होतं की मला रडू येत होतं. आणि तिचं दुसरं गाणं सुरू होताच वीज गेली. तीस वर्षांचा दिवस, सगळी वस्ती अंगणात, आणि तुझ्या कोराडीने दगा दिला.

गिरिधरने भाड्याचं जनरेटर सुरू केलं. दिवे आले, माईक आला, तिने पुन्हा धरलं. आणि बटण वेड्यासारखं नाचायला लागलं. वर, खाली, वर. मी तुझ्याकडे पाहिलं, तू डबा हलवत होतास, तुझी बोटं बटणावर नव्हतीच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जनरेटरच्या पेट्रोल इंजिनात प्लग असतो, प्लगमधे ठिणगी असते. गिरिधरची वेल्डिंग बंद करवली आणि त्याच्याच हाताने ठिणगीचा कारखाना आणून अंगणात ठेवला! महिनाभर सेल मोजत बसलो, हे सुचलं नाही.

मी दोरा तोडला. बटण माझ्या हातात आलं. आता मशीनपाशी मी, बहिरा, आणि समोर ती गात होती. कुही जशीच्या तशी. भोंगे काय करताहेत ते मला कळेना. पुढच्या बायांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. माझ्या कानाला सगळं ठीक होतं. अगदी स्वच्छ, छान, ठीक.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू डबा खाली गवतावर ठेवलास. खिशात हात घातलास. चार वर्षांनी तो रुमाल बाहेर आला आणि खांद्यावर गेला.

मी उतरवलं. मला काय ऐकू येतं ते पाहिलं नाही. ठीक वाटतंय की नाही, तू घाबरतोस की नाही, वीस वर्षं की पंचवीस, काही विचारलं नाही. तू झटकलास, मी आणखी उतरवलं. तू डोक्यावर नेलास, मी एक रेघ वाढवलं. मग तू तो घडी करून खिशात ठेवलास. कुहीलाही तू तसंच केलं होतंस. काल मात्र खिशातला रुमाल म्हणजे ठीक, एवढंच मी समजलो. मग गाणं संपेपर्यंत बटणावरचं माझं बोट मी हलू दिलं नाही.

शिट्टी झाली नाही. झाली असती तर लोक हसले असते, आणि कुणी हसलं नाही.

तू डबा घेऊन गेलास, बरं केलंस. ठिणगीवर काहीतरी तोड काढता येईल, यंत्राला पत्र्याचं कव्हर करून पाहू. तू वीजघरातला माणूस, तुला जास्त कळतं.

एक मागणं आहे. शेवटचं गाणं प्रेमिलाने स्वतः बांधलेलं होतं, असं कांता म्हणते. त्याच्या शेवटच्या कडव्याला अंगण चिडीचूप झालं. सिंधूताईंनी डोळ्याला पदर लावला. नत्थूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाया वळून वळून आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होत्या. तू मान खाली घातलीस. मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो. सूर आला, शब्द नाही आले, आणि तिचं तोंड माईकमागे होतं. कांताला विचारलं तर ती म्हणते, "ते मी नाही सांगत. ज्याच्यावर हाये त्यालेच इचारा."

रुमालाने भागणार नाही, शालिक. आता लिहावंच लागेल. ते कडवं तेवढं लिहून पाठव.

भाऊ